पाठीमागचा हिरवा दोरा

उदयसिंहच्या अंगावर सात वार होते आणि उजव्या बाहीवरची फीत उपटून नेलेली होती. एकतीस वर्षं झाली. चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरच्या खाडीकाठी झुडपात सकाळी कोळ्यांना तो सापडला. माझा धाकटा भाऊ, तीस वर्षांचा, नुकताच हवालदार झालेला, रजा संपवून पलटणीत परत निघालेला. ओळख पटवायला पोलिसांनी मला नेलं. चादर काढली तेव्हा मी आधी तोंड बघितलं नाही, बाही बघितली. कापड फाटून लोंबत होतं. तिथली फीत मी शिवली होती हो, माझ्या या हातांनी, चारच दिवसांपूर्वी.

मारेकरी सापडला नाही. उदय एन्नोरला गेलाच कशाला, तेही कळलं नाही. पोलिसांनी वर्षभरात फाइल बांधून ठेवली. मी नाही बांधली.

मी तुळजाजी, वय पासष्ट, मुक्काम वेस्ट मांबलम. घराणं तंजावरचं, त्यामुळे नाव राजाचं आणि धंदा शिंप्याचा. आमची मराठी ऐकून पुण्याकडची माणसं तोंडावर हात ठेवून हसतात. हसा बापडे. वडिलांनी लष्कराच्या फिती न बिल्ले शिवायचं काम सुरू केलं, मी ते पुढे चालवलं. डोकं माझं पहिल्यापासून गरम. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, बायको असो, तोंडाच्या आधी हात पुढे जायचा. आज सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

आता त्या फितीचं ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. हवालदाराच्या फितीवर तीन पट्ट्या असतात. पुढून मशीनच्या वरच्या दोऱ्याचे टाके दिसतात, मागून खालच्या बॉबिनचे. दोन्ही दोरे खाकीच पाहिजेत, आमच्या कामाचा तो नियमच. उदयच्या दोन फिती शिवायला बसलो आणि बॉबिनचा खाकी दोरा संपला. पोंगलचा दिवस, दुकानं बंद. उदय म्हणाला, "अण्णा, मागचं कोण बघतंय? हिरवा घाला की." भाऊ म्हणून ऐकलं. जन्मात एकदाच मी बॉबिनला हिरवा दोरा भरला आणि दोन फिती शिवल्या. एक त्याच्या अंगावरच्या शर्टाला गेली, दुसरी ट्रंकेतल्या शर्टाला. ट्रंक मला परत मिळाली. अंगावरची ज्यानं उपटली त्यानंच माझ्या भावाला भोसकलं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

तेव्हापासून मी जुन्या फिती बघायला लागलो. असल्या वस्तू जमवणारे लोक असतात. भंगारातून, जुन्या घरांतून मिळालेल्या फिती घेऊन ते माझ्याकडे यायचे. खरी की नकली? कुठल्या काळातली? मी फीत हातात घेतली की आधी उलटी करायचो. पुढची बाजू सगळेच नीट करतात, चोरसुद्धा. खरं काय ते मागे कळतं. वडिलांच्या काळात मागे खळ लावलेला मांजरपाट असायचा, माझ्या काळात बुक्रम, म्हणजे खळीचं कडक कापड, आलं, हल्ली प्लास्टिकचा थर गरम करून चिकटवतात. पायानं चालवायच्या मशीनवर आमचे इंचाला बारा टाके पडत, मोटार बसवल्यावर सोळा. नकली माल करणारे चहाच्या पाण्यात फीत बुडवून जुनी करतात, मग पिवळेपणा सगळीकडे सारखा येतो. खऱ्या जुन्या खळीचा पिवळेपणा ठिगळाठिगळांनी येतो. तुळजाजीमामांसारखी पारख चेन्नईत कुणाला नाही, असं लोक म्हणायचे आणि मी मान डोलवायचो. छंद आहे म्हणायचे. डोंबलाचा छंद! एकतीस वर्षं हजारो फिती उलट्या केल्या त्या एका हिरव्या दोऱ्यासाठी.

गेल्या ऑगस्टात एका मंगळवारी सकाळी श्रीवत्स आला. आमच्यातलाच पोरगा, सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण मराठीपेक्षा तमिळ बरी बोलतो. एन्नोरच्या एका भंगारवाल्याकडून त्यानं बिस्किटाचा डबाभर फिती आणल्या होत्या.

"मामा, सगळ्या जुन्या आहेत ना? बघून सांगा."

मी एकेक उलटी करत गेलो. नकली. खरी. खरी, पण कापड बदललेलं. सहावी उलटी केली आणि माझ्या कानात घुं झालं.

हिरवा दोरा. इंचाला बारा टाके. माझंच बुक्रम. एका कोपऱ्यात पिवळा डाग होता, म्हटलं खळ जुनी झाली. पट्टी जिथं वळते तिथं प्रत्येक कोपऱ्यावर एक टाका जास्त होता, म्हटलं पोंगलच्या घाईत पडला असेल. हे दोन्ही मी बघितलं, बरं का. बघून बाजूला सारलं.

"ही कुणाची?"

"ते काय माहीत? भंगारवाल्याला विचारायला पाहिजे. मामा, तुम्हाला घाम का आलाय?"

त्याच्याकडून भंगारवाल्याचा पत्ता घेतला आणि त्याला घालवून दिलं. कापडी पिशवीत माझी कात्री टाकली, पण ती पिशवीला भोक पाडून बाहेर यायला लागली, म्हणून काढून ठेवली. तिच्या जागी लोखंडी पट्टी घेतली. कापड आखायची दोन फुटी पट्टी, वडिलांच्या वेळची, चांगली जड. आतून माझी बायको कनका म्हणाली, "अहो, भात झालाय, जेवून तरी जा." मी चपला घालून बाहेर पडलो.

भंगारवाल्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. "वेंकटच्या घरची ट्रंक होती सार, त्याच्या मुलीनं विकली. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याकडच्या वस्तीत राहतो. वॉचमन होता, त्याआधी मिलिटरीत."

मिलिटरीत! मग काय उरलं? तळपायाची आग मस्तकात गेली. पलटणीतल्याच कुणीतरी मारलं, आणि मी एकतीस वर्षं गुंडांना न दारुड्यांना शिव्या घालत बसलो.

भर दुपार होती. दार उघडंच होतं. लुंगी नेसलेला, छातीची हाडं वर आलेला एक म्हातारा खाटेवर बसून खोकत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी फीत त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि तमिळमध्ये विचारलं, "ही तुझी?"

त्यानं डोळे बारीक करून बघितलं. मग चक्क हसला. "माझीच. तुम्हाला कुठं मिळाली?"

तो हसला नसता तर कदाचित मी पुढचं काही विचारलं असतं. पट्टी त्याच्या गालावर बसली. कातडी फाटली आणि तो खाटेवरून खाली आला. दुसरा घाव अडवायला त्यानं हात वर केला, मी हातावरच मारलं. बोटं मोडल्याचा आवाज झाला. तो आवाज मी आयुष्यात पूर्वी एकदा ऐकला होता.

"उदयसिंह," मी म्हणालो. "नाव आठवतं?"

"उदय? उदय माझा दोस्त..."

मी बरगड्यांवर मारलं. म्हातारा असला तरी फौजेतला गडी होता. त्यानं लाथ झाडली, ती माझ्या पोटात बसली, मी त्याच्यावरच कोसळलो. त्यानं माझं मनगट चावलं, दात हाडापर्यंत गेले. मी त्याचे केस धरले आणि डोकं खाटेच्या पायावर आपटलं. एकदा. परत एकदा. पाण्याचा हंडा लवंडला आणि फरशीवर रक्त पातळ होऊन पसरलं. त्याच्या तोंडाला फेस आला होता तरी तो बोलतच होता.

"जेवायला येणार होता तो माझ्या घरी. माझी आई मासे करून बसली होती. पोचलाच नाही."

"खोटं बोलतोस, हरामखोरा!"

"फीत तुमच्याच घरची आहे. अण्णींनी शिवली. तुमच्या बायकोनं."

"माझ्या मशीनला माझी बायको हात लावत नाही!" हे मी किंचाळून सांगितलं आणि पट्टी उभी धरून धारेच्या बाजूनं मारली. त्याचा कान लोंबायला लागला.

"मी आलो होतो सांगायला," तो म्हणाला. आता आवाज अगदी बारीक झाला होता. "गणवेशात. तुम्ही कात्री घेऊन अंगावर आलात."

हे मात्र खरं होतं. उदय गेला त्या महिन्यात गणवेशातलं माणूस दारात दिसलं की मी कात्री घेऊन धावायचो. माझ्या भावाला घेऊन गेले आणि सात भोकं पाडून परत दिलं, असं वाटायचं. पण त्या घडीला मी म्हटलं, कुणाकडून तरी ऐकलं असेल यानं. शेवटचा घाव मी डोक्यावर घातला. मग तो बोलला नाही. दारात एक बाई येऊन ओरडायला लागली, तेव्हा मी तिला ढकलून बाहेर पडलो. हातातली फीत सोडली नव्हती. शर्ट उलटा करून घातला, बसनं स्टेशन गाठलं, चेन्नई बीच स्टेशनला गाडी बदलून मांबलमला उतरलो. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेत होतो.

संध्याकाळचे पाच वाजले होते. कनका फुलं ओवत बसली होती. माझं मनगट बघून ती उठली.

"कुणाचं रक्त हे?"

"उदयला मारणारा सापडला. मारून आलो."

तिनं तोंडावर हात ठेवला. मी कपाटातून उदयच्या ट्रंकेतली ती फीत काढली आणि दोन्ही फिती जेवणाच्या टेबलावर शेजारीशेजारी उलट्या ठेवल्या. "बघ. दोन्हींना हिरवा. एन्नोरला राहायचा, वेंकट नावाचा. म्हणे माझ्या बायकोनं शिवून दिली! मरतानासुद्धा खोटं."

कनका टेबलाशी आली. मी आणलेली फीत तिनं उचलली आणि उजेडाकडे धरली.

"अय्यो, काय केलंत हे," ती म्हणाली. "ही तुमची नाही. माझी आहे."

"काय बरळतेस?" माझा हात सवयीनं वर गेला. ती एरवी मागे सरायची. आज सरली नाही.

"मारा. पण आधी बघा."

ती मोरीतून कपडे धुवायचा साबण घेऊन आली. बोट ओलं करून साबणावर घासलं आणि त्या पिवळ्या डागावर फिरवलं. डाग लाल झाला. कुंकवाइतका लाल. मग तिनं तसाच साबण माझ्या फितीवरच्या पिवळेपणावर घासला. तो पिवळाच राहिला.

हळद. साबण लागला की हळद लाल होते, हे कुठल्या घरात माहीत नसतं? नवं कापड अंगाला लावण्याआधी कोपऱ्याला हळदीचं बोट लावायचं, ही आमच्या बायकांची रीत. माझ्या मालाला मी कधी हळद लावू दिली नाही. सरकारी मालाला डाग चालत नाही म्हणून ओरडायचो. म्हणजे एकतीस वर्षं जिला शोधलं ती ही फीत नव्हतीच.

"पोंगलच्या दुसऱ्या दिवशी," कनका सांगायला लागली. तिचे डोळे वाहत होते, आवाज नाही. "तुम्ही आत्यांकडे तांबरमला गेला होतात. उदयभावजी एका मित्राला घेऊन आले. दोघांनाही एकाच वेळी हवालदारी मिळालेली. भावजी म्हणाले, वहिनी, याला घरचं कुणी शिवणारं नाही, तुम्ही द्या ना शिवून, अण्णांना सांगू नका. बॉबिनमध्ये तुमचा हिरवा दोरा शिल्लक होता. मी बसले. एकच शिवली, हळदीचं बोट लावलं आणि दिली. तो मुलगा माझ्या पाया पडला हो. मग भावजी गेले, आणि तो सांगायला आला तेव्हा मी खिडकीतून बघत होते. तुम्ही त्याला गेटपर्यंत पळवलंत."

"मग मला का सांगितलं नाहीस? इतकी वर्षं मी हिरवा दोरा, हिरवा दोरा करत मरत होतो, तू बोलली का नाहीस?"

तिनं डावा हात टेबलावर ठेवला. तर्जनी मधल्या पेरापासून वाकडी आहे. लग्नानंतर तीन वर्षांनी, उदय जाण्याच्याही तीन वर्षं आधी, तिनं मला मदत म्हणून मशीनवर एक फीत शिवली होती आणि पट्टी तिरकी गेली होती. मी तेव्हा काय केलं ते ती वाकडी तर्जनी सांगत होती. तेव्हाही माझ्या हातात हीच लोखंडी पट्टी होती.

"कशाला सांगू?" ती म्हणाली. "नऊ बोटं उरली होती."

मी खाली बसलो. जमिनीवर, पिशवीशेजारी. उलटी झाली. कनकानं मला पाणी दिलं नाही, पदर खोचला आणि चपला घातल्या. "उठा. तो जिवंत असेल तर जायला पाहिजे."

तो जिवंत होता. सरकारी दवाखान्यात होता, डोकं बांधलेलं, हाताची बोटं काळीनिळी. मुलगी शरण्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून कामाच्या कपड्यांतच धावत आली होती. तिनं कनकाला विचारलं, "तुम्ही कोण, अम्मा?"

"तुझ्या बापाची फीत मी शिवली होती," कनका म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून तिनं बाकीचंही सांगितलं. काही राखलं नाही.

शरण्यानं पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर हाणली. गालावर, डोळ्यावर, परत तोंडावर. लोक धावले तेव्हा ती किंचाळत होती, "ट्रंक मी विकली! दीडशे रुपयांना मी विकली!" माझा हात वर गेला नाही. ओठ फाटला, दात हलला. थांबवू नका तिला, असं मला लोकांना सांगायचं होतं.

वेंकट दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

पोलीस ठाण्यात मी आपण होऊन गेलो, कनका सोबत आली. इन्स्पेक्टर तरुण होता. त्यानं आधी मरणाऱ्या माणसाचा जबाब वाचून दाखवला. दोनच ओळी होत्या. 'मारणारा उदयचा अण्णा. त्याला सांगा, मी नव्हतो.' तक्रार नाही, शिवी नाही. मला त्यानं निरोप ठेवला होता. मी इन्स्पेक्टरच्या टेबलावर डोकं आपटून घेतलं, शिपायांनी धरलं. उदयला कुणी मारलं ते आजही माहीत नाही. आता शोधणारही कुणी नाही.

मग इन्स्पेक्टरनं प्लास्टिकच्या पिशवीतली फीत माझ्यासमोर ठेवली. तिला चिठ्ठी बांधलेली होती. साबणाचा लाल डाग वाळून तपकिरी झाला होता.

"हीच ती?"

"हीच."

"कुणी बनवली?"

"माझ्या बायकोनं. कनकानं." आणि मग मला राहवलं नाही. "काम चांगलं आहे साहेब. माझ्यापेक्षा टाका सरळ आहे."

भिंतीशी बाकावर बसलेल्या कनकानं मान वर केली.

"तुमची नाही, तिचीच, हे कशावरून?" इन्स्पेक्टर लिहीत होता. "नीट सांगा. कोर्टात लागेल."

"हळद आहे. आणि पट्टी वळते तिथं बघा, प्रत्येक कोपऱ्यावर एक टाका जास्त पडलाय. कोपऱ्यावर डाव्या तर्जनीनं कापड दाबून फिरवावं लागतं. तिची तर्जनी वाकडी आहे, पुरती दाबली जात नाही. तोवर मशीन एक टाका पुढे जातं."

"बोट कसं वाकडं झालं?"

याचं उत्तर माझ्याकडे चौतीस वर्षांपासून तयार होतं. डॉक्टरला तेच दिलं होतं, तिच्या आईला तेच, शेजाऱ्यांना तेच. दारात चेमटलं. कनका माझ्याकडे बघत होती, हात मांडीवर उघडा ठेवून.

"मी मोडलं," मी म्हणालो. "वेंकटला मारलं त्याच लोखंडी पट्टीनं. तेही लिहा."

इन्स्पेक्टरनं लिहिलं.